शुगरची चिठ्ठी : गोळी लिहिली, तपासणीचं काय?

आज शुगरबद्दल बोलायचंय. पण काय खावं आणि काय सोडावं यावर मी बोलणार नाही. ते सांगणाऱ्या बाया प्रत्येक गल्लीत चार आहेत, आणि त्यातल्या दोघी मेथीचं पाणी पाजल्याशिवाय सोडत नाहीत. आजचा विषय आहे शुगरची तपासणी. ती फुकट कुठं होते, घरात मशीन कुणी घ्यावी, पट्ट्या कशा मिळवाव्यात, आणि हे सगळं डॉक्टरांकडून कागदावर कसं लिहून घ्यावं.

गटाच्या बैठकीत मी विचारते, शुगर कुणाकुणाला आहे? हात वर होतात. गोळी कोणती? पिशवीतून पाकीट निघतं. शेवटची तपासणी कधी झाली आणि किती आली? इथं सगळ्या गप्प. कुणी म्हणतं दिवाळीच्या आधी झाली होती, कुणी म्हणतं "नॉर्मल" आली होती, आकडा आठवत नाही. कागद मागितला तर चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, सकाळ-संध्याकाळ असतं, तीस दिवस असतं. तपासणीची ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर नसते. डॉक्टरांसमोर पन्नास माणसं रांगेत असतात. आपण गोळी मागतो, ते गोळी लिहितात. तपासणी आपण मागत नाही, म्हणून ती राहून जाते.

शुगरची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी नव्हे, की खाल्ली आणि कळलं बरं वाटतंय. शुगर दोनशेच्या वर असली तरी बाई शेतात खुरपत असते, दळण आणत असते, तिला काहीच होत नसतं. डोळ्याला, पायाला, किडनीला जे व्हायचं ते आतल्या आत चालू असतं. गोळी लागू पडतेय की नाही हे समजायचा रस्ता एकच, रक्त तपासणं. त्यामुळं अर्धी चिठ्ठी गोळीची आणि अर्धी तपासणीची, असं धरून चला.

आधी फुकटाचं बघू.

तुमच्या गावातलं किंवा शेजारच्या गावातलं उपकेंद्र, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येक माणसाची शुगर आणि बीपी तपासायची सोय आहे. असंसर्गजन्य आजारांचा हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते. वय किती, तंबाखू-मिश्री लावता का, कंबर किती, आई-वडिलांना शुगर होती का, असे प्रश्न त्यात असतात. पुष्कळजणी "मिश्री नाही लावत" असं सांगून मोकळ्या होतात आणि आशाताई पण हसून लिहून घेते. तसं करू नका. त्या फॉर्मवर गुण असतात, आणि गुण चारच्या वर गेले तर तपासणीसाठी तुमचा नंबर आधी लागतो. खोटं सांगून नुकसान आपलंच.

उपकेंद्रात बोटाला टोचून तपासतात. जेवण केलेलं असो वा नसो, आकडा १४० किंवा त्याच्या वर आला की तुम्हाला पुढं प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात. १४० आला म्हणजे शुगर झालीच असं नाही. तिथं उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची तपासणी होते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा दोन तासांनंतर २०० किंवा जास्त आली, तर डॉक्टर शुगर धरतात, आणि त्रास काही नसेल तर आणखी एकदा तपासून खात्री करतात. उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर आठ तास पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा चहासुद्धा नाही. "बिनसाखरेचा घेतला होता" हे चालत नाही, कारण त्यात दूध असतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय, सगळीकडं. केस पेपरचे पैसेसुद्धा नाहीत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय मात्र वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे, म्हणजे खातं वेगळं. तिथं तोच नियम लागू होईल असं धरून जाऊ नका. जाण्याआधी फीचं विचारा आणि रेशनकार्ड सोबत ठेवा.

खाजगी डॉक्टरांची गोळी चालू असली तरी उपकेंद्रात नाव नोंदवता येतं. जुनी चिठ्ठी घेऊन जा. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, आपण त्यांना सीएचओ म्हणतो. शुगरची गोळी लिहायचं काम डॉक्टरांचं, पण डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दर महिन्याला उपकेंद्रातून मिळू शकते. गरज पडली तर सीएचओ ई-संजीवनीवर, म्हणजे फोनच्या पडद्यावर, डॉक्टरांशी तुमचं बोलणं करून देतात आणि चिठ्ठी तिथंच निघते. तालुक्याला जायचा एक दिवसाचा रोज वाचतो.

आता तीन महिन्यांच्या शुगरबद्दल. कागदावर तिचं नाव एचबीएवनसी असतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत त्यांना साखर चिकटत जाते. किती चिकटली त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. ६.५ टक्के किंवा त्याच्या वर म्हणजे शुगर. उपचार चालू असलेल्या बहुतेकांना डॉक्टर सातच्या आत ठेवायला सांगतात, वय झालेल्यांना थोडी सूट देतात. ही तपासणी उपाशी राहून करायची गरज नाही. दवाखान्याला जायच्या आधी दोन दिवस भात सोडून आणि गोड टाळून बोटाच्या तपासणीत पास होता येतं, हिच्यात होता येत नाही. तुमच्या आरोग्य केंद्रातून हिचा नमुना पाठवतात की ग्रामीण रुग्णालयात जावं लागतं, ते सीएचओंना विचारा.

पण आपल्या बायांसाठी इथं एक मेख आहे. अंगात रक्त कमी असेल, लोह कमी पडून हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं असेल, तर ही तीन महिन्यांची शुगर खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. रक्त फार कमी असेल तर बोटाची मशीनही जास्तच दाखवते. म्हणून शुगरच्या तपासणीसोबत हिमोग्लोबिनही करून घ्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढं एकत्र ठेवा. रक्त कमी असल्याचं माहीत नसताना शुगरची गोळी वाढवली जाणं आपल्याला परवडणारं नाही.

मग घरात मशीन घ्यावी का? मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. पुण्या-मुंबईला असलेली मुलं दिवाळीला येताना आईसाठी मशीन घेऊन येतात. सोबत दहा पट्ट्या असतात. आई शेजारच्या चार बायांची शुगर तपासते, पट्ट्या संपतात, मशीन देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात जाते. मुलाची माया खरी आहे. पण मशीन एकदाच घ्यावी लागते आणि पट्टी कायम, हे त्याला दुकानदारानं सांगितलेलं नसतं. कंपनीचा धंदा पट्टीवर चालतो.

हिशेब करून बघा. पट्टी कंपनीप्रमाणे साधारण दहा ते पंचवीस रुपयांना पडते. पंधरा धरा. रोज एकदा तपासलं तर महिन्याला साडेचारशे, वर्षाला साडेपाच हजारांच्या जवळ. गटात महिन्याला शंभर-दोनशे बचत टाकताना आपली ओढाताण होते. तेव्हा पहिला प्रश्न, रोज तपासायची गरज मुळात कुणाला आहे?

इंग्लंडचं सांगते. तिथं १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तर शुगरच्या पट्ट्या सरकारी खर्चानं मिळतात. पण तिथंही टाइप टूच्या सगळ्या रुग्णांना त्या लिहून देत नाहीत. जे इन्सुलिन घेतात, ज्यांच्या गोळीनं शुगर एकदम खाली जाऊ शकते, ज्या बाया गरोदर आहेत, त्यांना देतात. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना सहसा घरी रोज टोचायला सांगत नाहीत. पैसे सरकार भरतं तिथं ही काटकसर आहे. आपण तर खिशातून भरतो.

तर आपली गोळी कोणती ते बघा. पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, मुलीकडून वाचून घ्या. नुसतं मेटफॉर्मिन असेल आणि शुगर ठिकाणावर असेल, तर घरात मशीन नसली तरी चालतं. महिन्याला गोळ्या आणायला जाताच, त्याच दिवशी उपाशीपोटी जा, तिथंच तपासून घ्या. डॉक्टर सांगतील तसं तीन ते सहा महिन्यांनी तीन महिन्यांची शुगर. वर्षातून एकदा डोळे, पाय, लघवी आणि किडनीची तपासणी. एवढं नेमानं झालं तर ते घरातल्या मशीनपेक्षा जास्त कामाचं आहे.

गोळीत ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर गोष्ट वेगळी. पुष्कळदा एकाच गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असतं. ही औषधं शुगर खाली ओढतात, पोटात भाकरी असो वा नसो. नवरात्रात नऊ दिवस उपास, सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि गोळी मात्र नेमानं घेतलेली. सकाळी घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. बाहेरचं काही नसतं, शुगर सत्तरच्या खाली गेलेली असते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर परत द्या, आणि बरं वाटल्यावर भाकरी खाऊ घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. आणि उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, ते गोळीचं गणित बदलून देतात. उपासाला साबुदाणा खाल्ला तर उलट शुगर चढते, हेही ध्यानात असू द्या.

या बायांच्या घरात मशीन असावी. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा डॉक्टर सांगतील त्या वेळेला, आणि असं काही वाटलं की लगेच. म्हणजे महिन्याला आठ-नऊ पट्ट्या. पंचवीसची डबी जवळजवळ तीन महिने जाते. इन्सुलिनवर असलेल्यांना जास्त लागतात, किती ते डॉक्टर ठरवतील. गरोदरपणात शुगर निघालेल्या लेकी-सुनांनाही घरी तपासायला सांगतात. गरोदर बाईची शुगर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात, १४० किंवा वर आली तर लक्ष द्यावं लागतं. पहिल्या भेटीत एकदा आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास परत, ही तपासणी मोफत आहे, ती चुकवू नका.

आता चिठ्ठी. डॉक्टरांना असं म्हणा: "साहेब, माझी शुगर कधी-कधी तपासायची तेही लिहून द्या." मॅडम असतील तर मॅडम म्हणा. यात कुणाला राग येत नाही. कागदावर चार गोष्टी यायला हव्यात. किती दिवसांनी तपासायचं आणि उपाशी की जेवणानंतर. आकडा कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा. किती वर किंवा किती खाली गेला तर लगेच यायचं. आणि घरी मशीन लागणार असेल तर महिन्याला पट्ट्या किती. बहुतेकांना उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असं सांगतात, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सत्तरीतल्या आजीला आणि चाळिशीतल्या सुनेला एकच माप लावत नाहीत.

पट्ट्यांची संख्या लिहून घेतल्यानं काय होतं? आपल्याकडं टाइप टूच्या प्रत्येक रुग्णाला घरी न्यायला पट्ट्या द्यायची सरसकट योजना नाही, हे स्पष्ट सांगते. आयुष्मान कार्डावर किंवा महात्मा फुले योजनेतही त्या मिळत नाहीत. त्या योजना दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. पण संख्या लिहिलेली असेल तर मेडिकलवाला शंभर पट्ट्यांचा डबा गळ्यात मारू शकत नाही. मुलाला फोटो पाठवता येतो. घरात "एवढ्या कशाला लागतात" असं कुणी म्हटलं तर बाईच्या हातात डॉक्टरांचा कागद असतो. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांना कुणी कागद मागत नाही, बायकोच्या पट्ट्यांना मागतात, म्हणून हे सांगावं लागतंय.

विकत घेताना आधी पट्टीची किंमत विचारा, मशीनची नंतर. एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीची पट्टी चालत नाही. म्हणून जिची पट्टी आपल्या तालुक्याच्या बाजारात कायम मिळते, तीच मशीन घ्या. पंतप्रधान जनऔषधी केंद्रात गोळ्या तर स्वस्त मिळतातच, तिथं ग्लुकोमीटरही विकायला असतो, तिथला भाव आधी काढा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा पक्कं बिल मागा आणि त्यावर कर किती लावलाय ते बघा. डबीवरची मुदत वाचा. आणि डबी एकदा उघडली की पुढं किती महिने चालते तेही डबीवर वेगळं लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनानं डबीवर टाका. महिन्याला चार पट्ट्या लागणाऱ्या बाईनं स्वस्त पडते म्हणून पन्नासची डबी घेतली, तर अर्ध्या पट्ट्या फेकायच्या वेळेला येतात.

पट्टी वाया जाते ती बहुतेक घाईनं. गुळाच्या खड्याला हात लावून, लेकराला बिस्कीट देऊन तेच बोट टोचलं तर १३० ची शुगर २०० दिसते आणि घरात रडारड होते. हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे करा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, बोट पिळू नका. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच लावा. पट्टीला दमट हवा आणि ऊन दोन्ही सोसत नाही. बहुतेक डब्यांवर तीस अंशांपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात काय होतं ते मी सांगायला नको. माठाशेजारी, भिंतीच्या गार कोपऱ्यात ठेवा, पण ओल लागू देऊ नका. फ्रिजमध्ये नको.

आणि मशीनचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही. चांगल्या मशीनलाही पंधरा टक्के इकडंतिकडं चालतं. मशीन २०० दाखवत असेल तर खरी शुगर १७० ते २३० मध्ये कुठंही असू शकते. काल १४८ होती, आज १५६ आली, म्हणून घाबरू नका आणि स्वतःच्या मनानं गोळी कमी-जास्त तर अजिबात करू नका. आकडे वहीत लिहा, तारीख आणि वेळेसह. डॉक्टरांना महिन्याचे आकडे एका नजरेत दिसले की ते दोन मिनिटांत निर्णय घेतात. सलग ३०० च्या वर येत असेल, किंवा शुगर वाढलेली असताना उलट्या होत असतील, तर मात्र महिना संपायची वाट बघायची नाही.

दोन-तीन गटांनी मला विचारलं, गटाच्या पैशातून एक मशीन घेऊन सगळ्यांनी वापरावी का? माझं मत असं: मशीन एक चालेल, सुई नाही. टोचायची सुई प्रत्येकीची वेगळी आणि प्रत्येक वेळी नवी. एकीची सुई दुसरीला वापरली तर कावीळ बी सारखा रक्तातून पसरणारा आजार जाऊ शकतो. टोचायचं ते पेन, ज्यात सुई बसवतात, तेही सगळ्यांत फिरवू नये. एकीचं झालं की मशीन पुसून घ्यायची. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि बाटली भरली की नर्सबाईंकडं द्या. उकिरड्यावर लेकरं खेळतात. पण खरं सांगू का, गावात उपकेंद्र असेल तर गटाचा पैसा मशीनमध्ये घालण्याआधी उपकेंद्रातली मशीन चालती ठेवण्यावर जोर द्यावा. ती आपल्याच पैशाची आहे.

कारण बायांची खरी तक्रार तीच असते. "गेले होते, पट्ट्या संपल्यात म्हणाले." एकदा ऐकून आपण परत येतो, दुसऱ्यांदा जातच नाही. इथं गटाचा उपयोग आहे. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरासाठी जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष असतात, सीएचओ सचिव, आणि बचत गटाच्या प्रतिनिधीलाही तिच्यात जागा आहे. आपल्या गावच्या समितीत गटाची बाई कोण आहे ते आधी विचारा. कधी कधी जिचं नाव लिहिलेलं असतं तिलाच पत्ता नसतो. तिनं बैठकीत हा विषय मांडायचा. आणि गटाच्या लेटरहेडवर, नसेल तर वहीच्या कागदावर, अर्ज द्यायचा. मजकूर एवढाच: "आमच्या गावात शुगरचे इतके नोंदलेले रुग्ण आहेत. अमुक तारखेपासून उपकेंद्रात तपासणीच्या पट्ट्या नाहीत. त्यामुळे इतक्या जणींची तपासणी झालेली नाही. पट्ट्या कधी उपलब्ध होतील ते लेखी कळवावे." खाली दहा सह्या. एक प्रत सीएचओंना, एक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, एक सरपंचांना. आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, म्हणजे पोच. महिन्यात काही झालं नाही तर पोच जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ज्या ग्रामसभेला जमेल तिथं विषय इतिवृत्तात लिहून घ्या. अर्जात नर्सबाईंवर आणि सीएचओंवर राग काढू नका. पट्ट्या त्या घरी बनवत नाहीत, वरून आल्या तर देतात. तुमच्या अर्जानं त्यांनाही वर मागणी रेटायला कागद मिळतो.

आता ज्या मैत्रिणी दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात त्यांच्यासाठी. वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, कुठूनही निघा, पाच-सहा महिने घर बंद. पहाटे उपाशीपोटी फडात, पहिली भाकरी उन्हं वर आल्यावर. ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन असं मोळ्या वाहायला जाणं धोक्याचं आहे. मुकादमाची उचल घेतली की निघायची तारीख कळतेच. त्याच्या पंधरा दिवस आधी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा, "मी ऊसतोडीला चालले, पहाटे चारला उठते, जेवायची वेळ अशी-अशी आहे." गोळी कधी घ्यायची ते त्यांना या वेळेवरून ठरवू द्या. निघायच्या आधी तीन महिन्यांची शुगर आणि हिमोग्लोबिन करून घ्या. एका महिन्यापेक्षा जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते तिथंच विचारा.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं गेलात तरी राज्य तेच आहे, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासणी आणि गोळी मोफत आहे. "तुम्ही इथल्या नाही" असं कुणी म्हटलं तर हा नियम सांगा. कर्नाटकात गेलात तर सरकारी दवाखान्यात शुगरचा राष्ट्रीय कार्यक्रम तिथंही आहे, पण तिथल्या डॉक्टरांना मराठी चिठ्ठी वाचता येईलच असं नाही. म्हणून गोळीचं मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते इंग्रजीत लिहून घ्या, कंपनीचं नाव नको.

कागद कोपीत टिकत नाहीत, दवानं भिजतात, उंदीर खातात. चिठ्ठी, शेवटचा रिपोर्ट, आभा कार्डाचा नंबर आणि आकड्यांची वही एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घाला, आणि चिठ्ठीचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये आणि टोळीतल्या आणखी एकीच्या फोनमध्ये ठेवा. साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत, डब्यात नको, कारण डबा कोपीत राहतो आणि चक्कर फडात येते. टोळीतल्या दोघींना आधीच सांगून ठेवा की मला शुगर आहे, घाम सुटून बडबडायला लागले तर साखरपाणी द्या. आणि घरी राहिलेल्या सासूबाईंना शुगर असेल, तर लेकरं त्यांच्याजवळ सोडून निघायच्या आधी त्यांचीही तपासणीची तारीख आशाताईला सांगून जा.